पाच आणे चार पै : किनाऱ्यावरच्या घराण्याचा वृत्तांत जमवताना

घराण्याचा वृत्तांत लिहायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी मूळपुरुषापासून सुरुवात करतो. मूळपुरुष आरमारात होता, सिंधुदुर्ग बांधताना त्याने चुना वाहिला, अमक्या लढाईत तो पडला, इथपर्यंत गाडी येते आणि तिथून थेट आजोबांवर उडी पडते. मधली दोनशे वर्षं कोरी. मालवण तालुक्यातल्या एका गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्या जातीतल्या, घराचा वृत्तांत आम्ही चौघांनी मिळून तीन वर्षांत उभा केला तो उलट्या दिशेने. आज जिवंत असलेल्यांपासून मागे गेलो आणि कागद संपला तिथे थांबलो. तो कसा केला, कुठे फसलो आणि काय आधी केलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं, ते पुढे लिहितो.

देशावरची वतनदार घराणी किंवा कोकणातली खोतघराणी यांच्या कुळवृत्तांताचे नमुने डोळ्यांसमोर ठेवून किनाऱ्यावर काम सुरू केलं की हात हलवत परत यावं लागतं. त्यांच्याकडे सनदा असतात, इनामपत्रं असतात. होडीवाल्याकडे वतन नाही. जमीन असली तर माडाखालचा तुकडा, आणि घर बऱ्याचदा दुसऱ्याच्या जागेत. समुद्राचा सातबारा निघत नाही. अशा घरात कागद तीनच कारणांनी जन्माला येतो : कोणी मेलं, कोणी कर्ज काढलं किंवा भाऊ भांडले. जी पिढी गुण्यागोविंदाने नांदली तिचा कागदोपत्री मागमूस सापडत नाही. हे एकदा ध्यानात घेतलं की शोध कुठे घ्यायचा ते आपोआप ठरतं.

आधी घरच्या घरी करायची तयारी. प्रत्येक माणसासाठी एक कार्ड किंवा संगणकावर एक ओळ. त्यात नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि तिचं माहेर, घरातलं हाकेचं नाव, जन्म, मृत्यू, लग्न कुठल्या गावात, होडीवर काय काम करायचा, आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा : ही माहिती कशावरून. त्या रकान्यात आम्ही तीन खुणा ठेवल्या. कागदावरून असेल तर ‘क’, तोंडी सांगितली असेल तर ‘स’, आणि आमचा अंदाज असेल तर ‘अ’. हे पहिल्या दिवसापासून करा. आम्ही सहा महिन्यांनी सुरू केलं आणि तोवर जमलेल्या शंभरावर नावांतलं कुठलं कोणी सांगितलं हे पुन्हा विचारत फिरावं लागलं. त्यांतले दोघे सांगणारे तोवर गेले होते. एकच गोष्ट तिघांनी सांगितली म्हणून ‘स’चा ‘क’ होत नाही. तिघांनी ती एकाच आजीकडून ऐकलेली असते.

म्हाताऱ्यांशी बोलायचा काळ आषाढ. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, जाळी विणायचं काम बसून चालतं, माणसं घरात सापडतात. नारळी पौर्णिमेनंतर त्यांच्याकडे वेळ नसतो. ‘तुमच्या पणजोबांचं नाव काय’ हा प्रश्न पहिला विचारू नये. नाव आठवलं नाही तर माणूस ओशाळतो आणि मग काहीतरी ठोकून देतो. आम्ही होडीपासून सुरुवात करत होतो. घरची शेवटची शिडाची होडी कधी मोडली? त्याआधीची कुठली? ती कोणी बांधली, सुकाणूवर कोण बसायचं, कोणाचे किती वाटे होते? होडीची गोष्ट सांगताना माणसं आपोआप येतात, आणि होडीवर कोण कोणाच्या हाताखाली होतं त्यावरून वयाचा क्रमही लागतो. तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, म्हटल्यावर तो त्या वेळी पोरगेला नव्हता हे उघड आहे. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं, फोन रेकॉर्डिंगला लावून उशीखाली किंवा कापडाखाली ठेवायचा. पडवीत वाऱ्याचा आवाज इतका येतो की उघड्यावर ठेवलेल्या फोनमधलं निम्मं बोलणं वाया जातं. एका बैठकीला दीड तास पुरे. त्यापुढे सांगणाराही थकतो आणि उत्तरं आखूड होतात.

साल कोणी सांगत नाही, साल आपण काढायचं. त्यासाठी एक टाचणवजा पंचांग जवळ ठेवलं होतं. प्लेगची साल म्हटलं की १८९६च्या पुढची काही वर्षं. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या तो नोव्हेंबर १९२७. ‘रामदास’ बुडाली १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येला. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१. ‘रामदास बुडाली तेव्हा मी रांगत होते’ हे वाक्य शाळेच्या दाखल्यापेक्षा जास्त विश्वासाचं असतं. बोट बुडाल्याच्या आठवणीत मात्र एक खोट येते. त्या वर्षी समुद्रात गेलेला प्रत्येक माणूस पुढे ‘रामदास’वर गेलेला होतो. आमच्याकडे अशी दोन नावं आली, आणि त्यांतल्या एकाची मृत्यूची नोंद पुढे १९५२ची निघाली.

नावांची पुनरावृत्ती हा वृत्तांताचा खरा खड्डा. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणून पांडूचा राघो, राघोचा पांडू, पांडूचा राघो अशी माळ लागते (नावं नमुन्यादाखल). तोंडी सांगताना मधले दोन मणी गळतात आणि चार पिढ्यांच्या दोन होतात. हे पकडायला साधं गणित पुरतं. पिढीला २५ ते ३० वर्षं धरा. एखाद्या वंशावळीत बाप १८७०च्या आसपास जन्मलेला आणि मुलगा १९३०चा दिसला, तर अशक्य नाही पण थांबून पाहायला हवं. उलट बाजूही आहे. एका घरात चुलत चुलत मिळून तीन राघो एकाच वेळी जिवंत असतात, म्हणून ‘थोरलो राघो’, ‘बंदरावरलो राघो’ अशी हाकेची नावं त्याच वेळी लिहून घ्यायची. कागदावर ती कधीच येत नाहीत, पण दोन राघोंना वेगळं ठेवायला तीच कामी येतात.

आडनावावर विसंबू नये. जुन्या नोंदींत बऱ्याचदा आडनाव नसतंच. ‘राघो बिन पांडू गाबीत’ एवढंच असतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. केळूसहून उठून आलेला केळुसकर होतो, आणि तोच केळुसातच राहिला असता तर झाला नसता. त्यामुळे ‘कर’ लावणारी नावं माणूस कुठून निघाला ते सांगतात. तो कोणाचा, हे त्यांतून कळत नाही. मुंबईच्या शाळेत नाव घालताना मास्तरने विचारलं म्हणून एका भावाने गावाचं नाव लावलं, दुसऱ्याने हुद्द्याचं, आणि आज त्यांची नातवंडं एकमेकांना सोयरिकीसाठी स्थळं सुचवतात.

आता जमिनीचे कागद. जमीन कमी असली तरी सुरुवात इथूनच, कारण सर्वांत सलग साखळी इथे मिळते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, पण वृत्तांताला त्याचा उपयोग फक्त सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर कळण्यापुरता. खरा माल हाताने लिहिलेल्या जुन्या सातबारात असतो, कारण त्यात कमी झालेल्या नावांना कंस केलेला असतो. संगणकावर चढवताना कंसातली नावं गळली. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, मागायची. तिथे ‘खातेदार मयत, वारस अमके तमके’ असं सापडतं, आणि बहुतेक वेळा मयताची तारीखही. तो फेरफार आधीच्या नोंदीकडे बोट दाखवतो, तो त्याच्या आधीच्या. आम्ही असे अकरा फेरफार मागे गेलो.

सातबारावरची संक्षिप्त अक्षरं वाचता आली पाहिजेत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पुढचा माणूस तेव्हा सज्ञान नव्हता, म्हणजे त्याचा जन्म त्या फेरफारापूर्वी १८ वर्षांच्या आतला. पालनकर्ती आई असेल तर बाप गेलेला, चुलता असेल तर बहुधा आईही नाही. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे दिसलं की खातेदार एकटा नाही, मागे भाऊ आहेत आणि त्यांची नावं इथे मिळणार नाहीत. इतर हक्काच्या रकान्यात गहाण, बोजा, कुळ यांच्याबरोबर कधी ‘अन्नवस्त्राचा हक्क’ लिहिलेला असतो आणि पुढे एका बाईचं नाव. त्या बाईकडे परत येतो.

हिश्श्यांचे आणे-पै या सगळ्यात आम्हांला सर्वांत उपयोगी पडले. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे पूर्ण मिळकत १९२ पै. जुन्या नोंदींत हिस्सा असा लिहिलेला असतो. आमच्या एका फेरफारात चार नावं होती : दोघांपुढे ५ आणे ४ पै, दोघांपुढे २ आणे ८ पै. चार नावं पाहून आम्ही चार भाऊ मांडून मोकळे झालो होतो. चार भाऊ असते तर प्रत्येकाला ४ आणे आले असते. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, १९२चा तिसरा हिस्सा. २ आणे ८ पै म्हणजे ३२ पै, सहावा हिस्सा. म्हणजे मूळ भाऊ तीन, त्यांतला एक फेरफारापूर्वीच गेलेला, आणि त्याच्या ५ आणे ४ पैचे दोन मुलांत दोन वाटे झालेले. ज्यांना आम्ही धाकटे भाऊ समजत होतो ते पुतणे निघाले. सगळी एक शाखा एका पिढीने खाली सरकली आणि त्याबरोबर तिच्यातल्या तेवीस जणांची नाती बदलली.

हेच गणित उलटं मात्र लागू पडत नाही. दुसऱ्या तुकड्यावर दोन नावं, ८-८ आणे. म्हणून भाऊ दोनच, असं म्हणता येत नाही. तिसरा निपुत्रिक गेला असेल तर त्याचे ५ आणे ४ पै उरलेल्या दोघांत विरघळतात आणि त्याचा ठिपकाही राहत नाही. तो तिसरा आम्हांला सापडला तो त्या इतर हक्काच्या रकान्यातून. अन्नवस्त्राचा हक्क असलेली बाई ही त्याची विधवा. १९३७च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातल्या विधवेला हिस्सा नव्हता, फक्त पोटगी. चोळीबांगडीला म्हणून चार माड तिला हयातीपुरते तोडून दिलेले. नवऱ्याचं नाव जमिनीच्या कागदावर कुठेच नाही, ‘कोम’च्या पुढे फक्त.

त्याहून मागे जायला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात शेतवार पत्रक, आकारफोड, हक्क नोंदणी असे कागद असतात. खोतीच्या गावांत बोटखत पाहायचं. १८८०च्या खोती कायद्यानंतर कोणत्या कुळाकडे कोणती जमीन कोणत्या हक्काने होती ते त्यात मिळतं. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनानंतर कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली कुळाने द्यायची जमिनीची किंमत ठरवण्याची जी प्रकरणं चालली, त्यांच्या फायलींत कुळाचे जबाब असतात. ‘माझ्या आज्यापासून वहिवाट आहे’ असं म्हणताना माणूस आज्याचं नाव घेतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधीचं सगळं रत्नागिरीच्या नावाने असेल, आणि सावंतवाडी संस्थानातलं गाव असेल तर १९४८पूर्वीचा मामला वेगळा. अर्ज करताना गावाचं नाव, त्या वेळचा तालुका, सर्व्हे-हिस्सा आणि हवा तो गाव नमुना एवढं स्पष्ट लिहा. ‘आमच्या घराण्याचे जुने कागद’ असं लिहिलेला अर्ज परत येतो, आणि बरोबरच आहे. एका ठिकाणी आम्हांला तीनदा ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळालं. चौथ्यांदा जुना सर्व्हे नंबर घालून अर्ज केला आणि आठ दिवसांत नक्कल हातात आली.

एक इशारा. कागद काढायला लागलात की भावकीत कुजबुज सुरू होते, याला हिस्सा हवाय. आमच्याकडे एका काकांनी दोन महिने बोलणं टाकलं. उपाय म्हणून काढलेल्या प्रत्येक नकलेची एक प्रत प्रत्येक शाखेकडे पोचवायला लागलो आणि १९५७नंतरचे फेरफार वृत्तांतात छापणार नाही असं लिहून दिलं. चालू वाद असलेल्या तुकड्याला तर हातच लावला नाही.

घराचा पत्ता सातबारात लागला नाही तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा, घरपट्टीची आकारणी त्यात असते. सरकारी किंवा खोताच्या जागेतली कोळ्या-गाबतांची घरं तिथे दिसतात. जन्म-मृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जातीचा रकाना असल्याने त्याच नावाच्या दुसऱ्या घरातल्या माणसापासून आपला वेगळा करता येतो. मृत्यूचं कारणही असतं : ताप, पटकी, बुडून. शाळेचं जनरल रजिस्टर हेही सोनं. तिथल्या जन्मतारखेवर तेवढं विसंबू नका, अर्धा किनारा तिथे १ जूनला जन्मलेला आहे. पालकाचं नाव, धंदा आणि शाळा सोडल्याचं कारण पाहा. ‘मुंबईस गेला’ आणि ‘होडीवर जातो’ ही दोन कारणं पानोपानी येतात. मुलगा बारा वर्षांचा होडीवर गेला म्हणजे त्या घरात त्या वर्षी एक हात कमी झाला होता का, हे नमुना १४ मध्ये लगेच ताडून पाहायचं. दोनदा आम्हांला बापाचा मृत्यू असाच सापडला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचं बरंचसं लिखाण मोडी लिपीत. शब्दांत अंतर नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. मोडी वाचणाऱ्याला ओळ कापून पाठवू नका, सगळं पान पाठवा. हात ओळखायला त्याला त्याच लेखणीची चार अक्षरं लागतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेलं आहे. विषय आणि काळ सांगून यादीवरून रुमाल निवडायचा असतो. तिथल्या तारखा शुहूर सनात, म्हणजे अरबी आकडेशब्दांत लिहायच्या जुन्या सनात. उदाहरणार्थ ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ : दोन, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९२. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. आपला १७९१-९२. शकाला ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं, शुहूरला तेच करून लोक पाचशे वर्षं चुकतात.

खरं सांगायचं तर आरमाराच्या कागदांत साध्या खलाशाचं नाव सापडेल या आशेने तिथे महिना घालवू नये. सरदार सापडतात, तांडेल क्वचित, खलाशी बहुधा आकड्यात. आमच्या घराची आरमाराची आख्यायिका वृत्तांतात आहे, ‘स’ खुणेसह, एका परिच्छेदात. कागदाने ती सिद्ध केली नाही आणि खोटीही पाडली नाही.

किनाऱ्यावरचा खास साठा पुढचा. मच्छीमार सहकारी संस्थेची सभासद नोंदवही आणि भागधारकांची यादी, शिवाय इंजिनासाठी घेतलेल्या कर्जाचे रोखे. शिडावरून इंजिनावर जाताना घराघरांत कर्ज झालं आणि कर्जाबरोबर जामीनदार आला. जामीन कोण राहिला हे नीट टिपा, तो बहुतेक मेहुणा किंवा मावसभाऊ असतो, म्हणजे बायकांच्या बाजूचं नातं पुरुषाच्या नावाने कागदावर येतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. तिचे वाटे कोणाकोणाचे, याच्या जुन्या वह्या काही घरांत ट्रंकेत पडलेल्या असतात. रापण एकट्याची नसते, वाटेकऱ्यांची असते. बाप गेल्यावर वाटा कोणाच्या नावे चालला त्यावरून वारस कळतो, आणि इथे कधीकधी जमिनीपेक्षा वेगळा वारस निघतो. जमीन थोरल्याकडे गेली, वाटा ज्याला समुद्र येत होता त्याच्याकडे. वहीत एक नाव असं होतं की ते कुठल्याच शाखेत बसेना. नव्वदीतल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तो आमचो न्हय, पण होडी आमचीच होती.’’ घरात वाढलेला, घरात जेवलेला, वंशवृक्षात जागा नसलेला. अशांसाठी आम्ही शेवटी ‘घरातली माणसं’ असं वेगळं पान केलं. वृत्तांतातलं ते सर्वांत भरलेलं पान आहे.

देवळाचे मान हा दुसरा साठा. बारा-पाचाच्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या आणि मानकऱ्यांच्या परंपरागत व्यवस्थेत, कोणाचा नारळ कितवा, शिमग्यात पालखी कोणाच्या दारात आधी, हे ठरलेलं असतं. हा क्रम शाखांच्या थोरले-धाकटेपणाशी जुळतो का ते पाहावं. जिथे जुळत नाही तिथे कधीतरी दावा झालेला असतो. मानपानाच्या नाहीतर वाटणीच्या दाव्यात अर्जाला वंशवृक्ष जोडावा लागे, आणि दिवाणी न्यायालयातून त्या हुकूमनाम्याची नक्कल मिळू शकते. आम्हांला असा १९२०च्या दशकातला एक वंशवृक्ष मिळाला, सहा पिढ्यांचा, नीट आखलेला. आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की वादीने प्रतिवादीच्या शाखेतले दोन पुरुष गाळलेत. दाव्यातला वंशवृक्ष हा वकिलाने काढलेला असतो. प्रतिवादीची कैफियत सोबत काढल्याशिवाय तो वापरू नये.

बायका. सुनांची नावं लग्नात बदलतात, लेकी परक्या घरच्या कागदात जातात, आणि जुन्या वृत्तांतांत त्यांच्या जागी नुसती रेघ. लेकी शोधायचा एक हमखास कागद आहे, आणि तो म्हणजे हक्कसोड पत्र. १९५६च्या वारसा कायद्यानंतर बहिणींची नावं वारसनोंदीत येऊ लागली आणि पाठोपाठ भावांच्या नावे हक्क सोडून देण्याचे दस्त होऊ लागले. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या या दस्तात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, वय आणि गाव असतं, आणि तिने ‘राजीखुशीने, चोळीबांगडी पावून’ हक्क सोडल्याचं वाक्य. दस्त मिळाला नाही तरी त्याच कार्यालयातल्या सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यामधला उतारा पुरतो. एका हक्कसोडीतून आम्हांला पाच बहिणी एकदम मिळाल्या, देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत. त्यांतली एक तेरेखोल खाडीपलीकडे दिलेली, म्हणजे पुढचा शोध गोव्याच्या नोंदींत.

मुंबईचा भाग थोडक्यात. गावच्या मंडळाची खोली असेल तर तिथली वर्गणीची वही आणि सभावृत्त पाहा. नोकरीचं ठिकाण, चाळ, गावी जाण्याची वर्षं मिळतात. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगून वही पाहता येते. सोबत निदान तीन पिढ्यांची नावं हवीत, नाहीतर ते तरी कुठे शोधणार? पान मिळालं तर पूर्वजाची स्वतःची सही किंवा अंगठा पाहायला मिळतो. दक्षिणा आधी विचारून घ्यावी.

घरात सापडलेल्या कागदांची गत खाऱ्या हवेने झालेली असते. टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या असतात, ओढून काढल्या की भोक पडतं. बाजूने पातळ कागद सरकवून पीन उलगडायची. ओला कागद उन्हात टाकू नये, सावलीत, सुती कापडावर. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही नको. आमच्या एका हितचिंतकाने १९११चं गहाणखत लॅमिनेट करून आणलं, आता ते आतल्या आत तपकिरी होतंय आणि कोणी काही करू शकत नाही. कागद ३०० डीपीआयला, फोटो ६००ला स्कॅन करा, मागची बाजूही. फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि कधी पेन्सिलीने लिहिलेलं नाव.

शेवटचं काम छापण्याआधीचं. वंशावळ आम्ही फोटोकॉपीच्या दुकानातून तीन फूट रुंद कागदावर काढून आणली, एकूण सव्वाचार मीटर लांब, आणि चतुर्थीला मूळ घराच्या ओटीवर भिंतीला लावली. सगळी भावकी त्या पाच दिवसांत येते. पेन्सिल दोरीने खिळ्याला बांधली, पेन मुद्दाम ठेवलं नाही. ‘क’ खुणेची नावं काळ्यात, ‘स’ आणि ‘अ’ची करड्यात छापली होती. पुरुषांनी एकशे चाळीसच्या आसपास दुरुस्त्या केल्या, बहुतेक स्वतःच्या शाखेतल्या आणि बऱ्याचशा शुद्धलेखनाच्या. माहेरच्या गावाचा रकाना आम्ही जवळजवळ रिकामा लावला होता. विसर्जनानंतर कागद उतरवताना पाहिलं तर तो भरला होता, पाच-सहा वेगवेगळ्या हातांनी, काही ठिकाणी भावांच्या नावांसकट. दोन जागी तर गावापुढे होडीचं नावही होतं.